शेपटीचा ठसा

एक होतं वन. आटपाट म्हणावं इतकं मोठं नव्हतं, पण राजासमोर तसं बोलायची कुणाची छाती नव्हती, म्हणून आपणही आटपाटच म्हणू. वनाचे राजे गवेराज. ते रीतसर निवडून आले होते, आणि तेही बिनविरोध. अर्जांच्या छाननीला शेळ्या बसवल्या होत्या. शेळ्यांनी बाकी सगळे अर्ज खाल्ले. गवेराजांचा अर्ज दगडावर कोरलेला होता, तेवढा राहिला.

या वनात मी नोकरीला होतो. मी घोरपड. हुद्दा म्हणाल तर वणवा-निवारण व ढोली-तपासणी अधिकारी. आमच्या पूर्वजांनी म्हणे कमरेला दोर बांधून मावळे गडावर चढवले. मी खुर्ची चढलो. चिकटून राहण्याचा घराण्याचा गुण मात्र मी सोडला नाही.

मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला होता. "आग लागली तर काय कराल?"

मी म्हणालो, "वरिष्ठांना कळवीन."

"आणि वरिष्ठच आत अडकले असतील तर?"

"बाहेर येईपर्यंत थांबेन."

तिथल्या तिथे नेमणूक झाली. आईनं पेढे वाटले.

काम सोपं होतं. कुणाला झाडाच्या ढोलीत शाळा, खाणावळ, सभागृह असं काही काढायचं असेल तर माझा दाखला लागायचा. मी जायचो, तीन गोष्टी बघायचो. आत यायला दार आहे का? पळायला दुसरं दार आहे का? आणि पाण्याचे सात भोपळे आहेत का? असले, की शेपटी चिखलात बुडवून सागाच्या पानावर फाडकन मारायची. पानावर ठसा उमटला, की ढोली सुरक्षित. नंतर तिथे कुणी भाजलं, तर तो त्याच्या नशिबाचा भाग.

आता खरं सांगतो. सगळ्या वनात भोपळे सातच होते. तपासणीची तारीख आम्ही आठ दिवस आधी कळवायचो, कारण न सांगता कुणाच्या घरी जाणं आमच्या खात्यात असभ्य मानतात. मग माकडं ते सात भोपळे डोक्यावर घेऊन माझ्या आधी तिथे पोचायची. कधी वाटेतच त्यांची-माझी गाठ पडायची. अशा वेळी मी झाडामागे तोंड फिरवून उभा राहायचो आणि त्यांना पुढे जाऊ द्यायचो. तिसऱ्या भोपळ्याला तडा होता, तो डिंकानं बुजवलेला. वीस वर्षं मी तो भोपळा दर आठवड्याला नव्यानं पाहिला. शेवटी शेवटी तर तो दिसला की घरचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

खात्यात माझ्या हाताखाली एकच कर्मचारी होती, टिटवीबाई. तिचं काम ओरडायचं. धूर दिसला, ठिणगी दिसली, की "टिटिव टिव, टिटिव टिव" करून सगळं वन जागं करायचं. आभाळ पडू नये म्हणून पाय वर करून झोपणारी बाई ती. सरकारी नोकरीत असं माणूस सापडणं कठीण, आणि सापडलं तर टिकणं त्याहून कठीण. तिच्या ओरडण्यानं अपशकुन होतो, पर्यटक हरणं बिचकतात, अशा तक्रारी गेल्या. मग वटहुकूम निघाला. टिटवीनं ओरडायचं असेल तर तीन दिवस आधी लेखी अर्ज करावा, त्यात आगीचं ठिकाण आणि वेळ नमूद करावी. वटहुकमावर माझाही ठसा आहे. नाही म्हणायला मला लाज वाटली.

एका उन्हाळ्यात टिटवीबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "साहेब, चला. बालढोली बघायला चला."

"तारीख परवाची आहे ना?"

"म्हणूनच आज चला म्हणते. भोपळे यायच्या आत."

बालढोली म्हणजे वनातली बालवाडी. जुन्या सावरीच्या पोकळ बुंध्यात भरायची. सशांची, खारींची, मुंगसांची अशी बेचाळीस पिल्लं तिथे दिवसभर असायची. त्यांत टिटवीबाईची दोन होती, चिंगी आणि टुक्या. मी गेलो. पुढचं दार ठीक होतं. मागचं दार दिसेना. तिथे छतापर्यंत पोती रचली होती. एका पोत्याला नखानं टोचलं तर सावरीचा कापूस भसकन बाहेर आला. चिंगी त्या पोत्यांवर घसरगुंडी खेळत होती.

"हे कुणाचं?" मी विचारलं. मला माहीत होतं, पण विचारायची पद्धत असते.

"भांडारमंत्र्यांचं. गवेराजांच्या सिंहासनाला नव्या गाद्या होतायत. कोठारात जागा नाही."

"कोठारात धान्य असेल."

"कोठारात मंत्र्यांचा मेहुणा राहतो, साहेब. धान्य कधीच संपलं." मग ती एकदम म्हणाली, "सावरीचा कापूस कसा पेटतो तुम्हाला ठाऊक आहे. माझी दोन लेकरं आहेत आत. दाखला देऊ नका."

मी म्हटलं, "बघतो." आमच्या खात्यात या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळतो. तिलाही कळला. ती उडून गेली.

ठरल्या दिवशी तपासणी झाली. भांडारमंत्री वानरराव स्वतः हजर होते. भोपळे ओळीनं मांडलेले, तिसऱ्याचा तडा भिंतीकडे.

मी घसा खाकरून म्हणालो, "ते मागचं दार जरा..."

"दार आहे की नाही?" वानरराव म्हणाले.

"आहे, पण बंद आहे."

"अहो घोरपडसाहेब, तुमच्या नियमात दार असावं असं आहे. उघडं असावं असं कुठे आहे?" त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "शिवाय तुमची बढती माझ्याकडेच पडून आहे. धूळ खातेय बिचारी."

मला चिंगीची घसरगुंडी आठवली. म्हणून मी बाणेदारपणे अट घातली. पानावर लिहिलं, 'मागचं दार लवकरात लवकर मोकळं करावं, या अटीवर.' लवकरात लवकर म्हणजे कधी, हे आमच्या खात्यात आजवर कुणी विचारलेलं नाही. मग शेपटी चिखलात बुडवली आणि मारली फाडकन. भोपळ्यांत डोकावून पाहिलं का? नाही हो. भोपळे आहेत का, एवढंच नियमात होतं. पाण्यानं भरलेले भोपळे डोक्यावर घेऊन वनभर कोण फिरेल? माकडं काही मूर्ख नव्हती.

त्याच महिन्यात वणवा-सुरक्षा सप्ताह आला. गवेराजांनी ठरवलं, उद्घाटन बालढोलीत करायचं, लहानग्यांवर संस्कार होतात. आता आपल्याकडे उद्घाटन म्हटलं की समई आली. पाच वातींची, पुरुषभर उंचीची. ठेवायची कुठे? पुढच्या दारात मान्यवरांच्या खुर्च्या. मग मागे ठेवली, पोत्यांना टेकून. तिच्या पितळेमागे पोत्यांतून डोकावणारा पांढरा कापूस फार खुलून दिसत होता, हे मीच बोललो.

टिटवीबाई दारात उभी होती. समई पाहून तिनं चोच उघडली. वानररावांनी विचारलं, "अर्ज केलाय?" तिनं चोच मिटली. मग माझ्याकडे पाहिलं. मी कार्यक्रमपत्रिका वाचायला घेतली.

गवेराजांनी वाती पेटवल्या. टाळ्या झाल्या. भाषण सुरू झालं.

"बंधू-भगिनींनो आणि पिल्लांनो! मागच्या राजवटीत आगी लागायच्या. लागायच्या की नाही? आज कुठे दिसते का आग? दिसते का?"

"नाही!" सभा गरजली.

"महाराज, तुमच्या मागे," टुक्या म्हणाला.

"पिल्लू हुशार आहे! ते म्हणतंय, मी तुमच्या मागे आहे! सगळं वन माझ्या मागे आहे!"

तेवढ्यात टिटवीबाई ओरडली. अर्ज नाही, परवानगी नाही, फुप्फुसं फाटेस्तोवर ओरडली. सभेनं मागे वळून पाहिलं तर पोती पेटली होती, आणि जळता कापूस ढोलीभर तरंगत होता.

मान्यवर शिष्टाचाराप्रमाणे आधी बाहेर पडले. गवेराज दारात अडकले, कारण गवेराजांच्या मापाचं दार नियमात नव्हतं. माकडांनी भोपळे उचलून आगीवर उपडे केले. सहांतून काहीच पडलं नाही. तिसऱ्यातून एक झुरळ पडलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं म्हणतात ते निदान कुठेतरी बंब असतो अशा राज्यात.

मीही पळालो होतो. खोटं कशाला बोलू? मी मान्यवरांच्या आधी बाहेर होतो. पण ढोलीला वळसा घालताना आतून पिल्लांचं रडणं ऐकू आलं, तेही मागच्या बाजूनं. कुणीतरी त्यांना शिकवलं होतं की आग लागली तर मागच्या दारानं पळायचं. कोपऱ्यातल्या त्या दारापाशीच्या पोत्यांना आग लागायची होती अजून, आणि बेचाळीस पिल्लं तिथे दबून उभी होती, माझ्या दाखल्यावर विश्वास ठेवून.

माझं डोकं फिरलं. घोरपडीला नखं असतात हे मी नोकरी लागल्यापासून विसरलो होतो. दारापाशी गेलो आणि उकरायला लागलो. पोती फाडली, कापूस उपसला, धुरानं दिसेनासं झालं तरी उकरत राहिलो. आत शिरलेली टिटवीबाई पिल्लांना एकेक करून माझ्याकडे ढकलत होती. पिल्लं माझ्या पाठीवरून बाहेर पळाली. बेचाळीसच्या बेचाळीस. चिंगी सर्वांत शेवटी, आणि बाहेर आल्यावर म्हणते, "काका, शेपटी."

वळून पाहिलं. मागे उपसलेला कापूस ठिणगीनं पेटून शेपटी मुळापासून जळाली होती. टिटवीबाई वाचली, पण धुरानं तिचा आवाज गेला, तो गेलाच.

दारातून सुटल्यावर गवेराजांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष वानरराव. समितीनं रात्रंदिवस खपून तीन निष्कर्ष काढले. एक, आग टिटवीच्या अपशकुनी ओरडण्यामुळे लागली. दोन, समईचा दोष नाही, समई आपली संस्कृती आहे. तीन, मागच्या बाजूला एका अधिकाऱ्यानं पूर्वपरवानगीशिवाय भगदाड पाडून सरकारी कापसाची नासधूस केली. भगदाडाबद्दल मला नोटीस आली. शेपटीबद्दल शाल आणि नारळ आला. दोन्ही एकाच समारंभात दिलं, खर्च वाचला.

समारंभात वानरराव सद्गदित होऊन म्हणाले, "घोरपडसाहेबांची शेपटी अमर आहे!" आणि कापडाखालून एक वस्तू काढली. सागवानी लाकडात कोरलेली माझी शेपटी. खवला न् खवला जुळत होता. "यापुढे साहेबांनी उन्हातान्हात हिंडायचं नाही. ठसा आम्ही मंत्रालयातूनच मारू." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तेव्हापासून काम झपाट्यानं होतं. ढोली पोखरायच्या आधीच दाखला तयार असतो. नवी बालढोलीही झाली, वाळलेल्या सावरीतच.

परवा टिटवीबाई आली. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते. "साहेब, चिंगी-टुक्याला पाठवू का तिथे?"

सवयीनं मी म्हणालो, "दाखला झालाय."

"दाखला नाही विचारला. पाठवू का?"

मी म्हणालो, "नको, बाई. पाठवू नको." वीस वर्षांतला हा माझा पहिला खरा अहवाल, आणि तो तोंडी होता. मला भरून आलं. तिलाही आलं असावं.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरट्यापाशी सागाचं पान ठोकलेलं होतं. 'सदर घरटं उघड्या माळावर असून आगीच्या दृष्टीनं धोकादायक आहे. पिल्लांना तातडीनं बालढोलीत हलवावं, अन्यथा घरटं पाडण्यात येईल.' खाली माझी शेपटी. मी निरखून पाहिलं. ठसा अस्सल होता, नाव ठेवायला जागा नव्हती.

मी तडक मंत्रालयात गेलो. लिहून दिलं की हा दाखला मी दिलेला नाही, ही शेपटी माझी नाही. कारकुनानं उठून नमस्कार केला, बसायला दिलं, चहा मागवला. अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि अदबीनं परत दिला.

"साहेब, खाली तुमचा ठसा नाहीये. ठशाशिवाय अर्ज कसा घेऊ?"

सोमवारी उद्घाटन आहे. चिंगी-टुक्याला न्यायला माकडं येणार आहेत. समई घासूनपुसून ठेवली आहे, सात भोपळे आदल्या दिवशीच पोचतील. मी सकाळपासून मागच्या दाराबाहेर बसणार आहे, नखांना धार लावून. दाखला माझा आहे, म्हणजे दार बंदच असणार.