गढूळ ग्लास

“बंद करू ना, बाई?”

शर्मिष्ठाचा हात लाल बटणावर होता. नळीतून गढूळ पाणी येत होतं.

तळवणेकर बाई स्टुलावर बसून आवळा चघळत होत्या. खाणींवर गाळयंत्रं बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं.

व्हाळाकाठी, म्हणजे गावच्या ओढ्याकाठी, वाळू धुण्याचा नवा कारखाना. धुवून उरलेला चिखल पंपाने यंत्राच्या कापडी कप्प्यांत दाबायचा. पाणी गळून बाहेर, चिखलाची वडी आत. आज नितळ पाणी दिसलं तर गाव कारखान्याला हो म्हणणार. नाहीतर यंत्र परत, आणि यंत्राबरोबर शर्मिष्ठाही. बाळंतपणानंतरचं तिचं हे पहिलंच काम.

सकाळपासून गढूळ दिसलं की ती यंत्र बंद करत होती. कप्पे उघडायचे, कापडं घासून धुवायची, पुन्हा चालू. पुन्हा गढूळ. कापडच फाटकं आलंय, असं तिचं ठाम मत. परीक्षेत पहिली आलेली. मतं ठामच असायची.

(श्वास चालतोय ना, हे बघायला झोपलेल्या बाळाला उठवणाऱ्या आयांना तिचं हे सारखं बंद करणं कळेल. मला तरी कळलं.)

गावातर्फे भागीरथीकाकी आल्या होत्या, त्यांच्यामागे सगळं गाव. त्यांनी नळीखाली ग्लास धरला, उजेडात नेला.

“ह्याच पाणी आमच्या व्हाळात येतला?”

मागे कोणीतरी हसलं. हे पाणी परत टाकीतच जातं, एवढं बाईंनी काकींना सांगितलं. मग शर्मिष्ठाचा हात बटणावरून उचलला आणि आपल्या हातात धरून ठेवला.

“बाई, कापड...”

“कापड कुठलं गाळतंय.”

“मग कोण गाळतं?”

“चिखल.”

शर्मिष्ठाला ती थट्टा वाटली. हात सोडवून बघितला. सुटेना.

पंप चालूच राहिला...

पाणी आधी चहासारखं आलं. मग ताकाच्या निवळीसारखं. मग नळीतून काही येतंय की नाही, हेच दिसेना. खालची बादली मात्र भरत होती.

काकींनी दुसरा ग्लास डोळ्यांसमोर धरला. त्यातून त्यांना शर्मिष्ठाचं तोंड दिसलं, आ वासलेलं. काकींनी तो ग्लास डोक्यावर उंच धरून सगळ्या गावाला दाखवला. हसणारे आता टाळ्या वाजवत होते.

कप्पे उघडले. कोरड्या वड्या धबाधब पडल्या. कापड कुठेच फाटलेलं नव्हतं. त्याला चिखलाचा पातळ थर घट्ट धरून होता. पुढचा सगळा चिखल त्यानेच अडवला होता. सकाळपासून ती तोच थर घासून काढत होती.

शर्मिष्ठा हसली, डोळे पुसले. मग काकींनी ठेवलेला पहिला ग्लास तिने कोणी बघायच्या आत ओतायला उचलला.

बाईंनी तिचं मनगट धरलं.

“राहू दे. उद्या बटणापाशी ठेव.”