शास्त्रीबुवांच्या यादीतला पाचवा दिवस

वाघेरी संस्थानचे रायाजीराव पार गोंधळून गेले होते. रखमाजी कथेकऱ्याने देवळात पाच दुपारी त्यांच्या पणजोबांच्या लढाईची कथा सांगितली, आणि राजे तहानभूक विसरून ऐकत राहिले. दरबारचे इतिहासपंडित मोरशास्त्री मात्र म्हणत होते, की हा इतिहास नव्हे, गावगप्पा; जाणत्या माणसाने तिकडे फिरकूही नये. मग आपल्याला एवढं आवडलं कसं? आवडलं म्हणजे आपण अडाणी ठरलो का? राजांना काही उमगेना.

शेवटी त्यांनी दोघांनाही बोलावून घेतलं. शास्त्रीबुवांनी लांबलचक कागद उलगडला.

"सरकार, पाचही दिवस खांबाआड बसून मी याच्या चुका टिपल्या आहेत. एकंदर तेहतीस. याची कथा कायमची बंद करा."

"चुका कबूल आहेत, सरकार," रखमाजी हात जोडून म्हणाला. "फक्त पाचव्या दिवसाच्या किती, तेवढं बुवांनी वाचून दाखवावं."

शास्त्रीबुवांनी कागद खालीवर पाहिला. मग उलटून पाहिला. "पाचव्या दिवसाची... एकही नाही."

"त्या दिवशी मी थोरल्या महाराजांना हत्तीच्या पाठीवरून थेट तटावर उडी घ्यायला लावली. सगळं माझ्या मनचं. बुवा, लेखणी हातातच राहिली की काय?"

शास्त्रीबुवा कानापर्यंत लाल झाले.

राजे आणखीच गोंधळले. "म्हणजे हत्ती नव्हताच?"

"नव्हता, सरकार," रखमाजी म्हणाला.

शास्त्रीबुवांनी कागदाची गुंडाळी केली आणि ते खाली बघत पुटपुटले, "पण असायला हवा होता."