सोमाजीचा कौल

डोंगराच्या अलीकडे एका राजाचं राज्य होतं आणि पलीकडे दुसऱ्याचं. अलीकडच्या राज्यात, अगदी डोंगराच्या पायथ्याला, सोमाजी नावाचा एक सणगर राहत होता. सणगर म्हणजे घोंगड्या विणणारा. सोमाजीची घोंगडी पांघरली की पावसाचा थेंब आत येत नाही, असं धनगर सांगत. हाताला कसब होतं, स्वभाव सरळ होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. खोड म्हणाल तर एकच. माणूस फार भित्रा होता.

गाव चांगलं होतं, पण गावचं पाणी वाईट होतं. दिसायला नितळ आणि चवीला गोड. मात्र ते पिऊन वाढलेल्या पोरांचे पाय पाच-सहा वर्षांनी गुडघ्यात वाकू लागत. कुणाचे थोडे, कुणाचे फार. ‘पाणी लागलं’ एवढंच लोक म्हणत आणि घागर घेऊन पुन्हा त्याच विहिरीवर जात. करणार काय, दुसरी विहीरच नव्हती.

सोमाजीला दोन मुली. थोरली गोदा दहा वर्षांची, तिला पाणी लागलं होतं. अंगणातून चालताना तिचा एक पाय जोरात पडे आणि दुसरा घासत येई. सोमाजी मागावर बसलेला असला तरी त्याचा कान त्या आवाजाकडे असे. धाकटी चिमी पाच वर्षांची. तिचे पाय अजून सरळ होते. ती पळत पळत घरात शिरली की बापाला आनंद होत नसे. हे पळणं किती दिवसांचं, हाच विचार आधी मनात येई.

त्या साली होळी झाली आणि सोमाजीच्या बायकोचा, ठकूबाईचा, भाऊ रायाजी डोंगर उतरून आला. तो बरीच वर्षं पलीकडच्या राज्यात राहत होता. त्यानं सांगितलं की तिकडे नदी आहे, पोरं नदीचं पाणी पितात आणि सगळ्यांचे पाय धड आहेत. तिकडच्या राजाला विणकर हवे आहेत. रायाजीनं आपल्या घराशेजारी यांच्यासाठी जागाही धरून ठेवली होती. दसऱ्यापर्यंत या, म्हणाला, आणि उन्हाळा आहे तोवर घाट उतरायला सोपा आहे, हेही बजावून गेला.

ठकूबाईचा चेहरा उजळला. सोमाजीला मात्र घाम फुटला. तिकडची बोली निराळी. तिकडचा राजा कसा असेल, कोण जाणे. घाटात चिमीला ताप भरला तर काय करायचं? तिकडच्या लोकांनी घोंगड्या घेतल्याच नाहीत तर खायचं काय? आणि तिकडचं पाणी याहून वाईट निघालं तर? मग वाटे, इथंच राहावं. लगेच गोदाचा पाय घासल्याचा आवाज येई, आणि राहणंही नको वाटे. जायची भीती होती आणि राहायचीही होती. एकदा ही, एकदा ती, अशी भीती त्याला रोज आळीपाळीनं खात होती.

पलीकडून एक कासार बांगड्या विकायला येई. त्याला सोमाजी मुद्दाम थांबवून तिकडच्या गोष्टी विचारी. धान्य चांगलं पिकलं, देऊळ नवं बांधलं, हे तो मान हलवत ऐके. पण तिकडे कुणाचं घर जळालं असं कासार म्हणाला, की हातातली भाकरी खाली ठेवून ऐके. वाईट बातमीची त्याला गोडीच लागली होती. तीन चांगल्या गोष्टी तो संध्याकाळपर्यंत विसरे आणि एक वाईट महिनाभर सांगत बसे.

गावाची एक रीत होती. कुणालाही गावाची शीव कायमची ओलांडायची तर भैरोबाचा कौल घ्यावा लागे. कौल अमावास्येला सकाळी लागे. ज्याचा प्रश्न असेल त्यानं पांढऱ्या फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या आणि स्वतःच्या हातानं देवाच्या छातीवर लावायच्या, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. उजवी आधी पडली तर जावं. डावी पडली तर राहावं. देवळाची सावली पहिल्या पायरीवर येईपर्यंत दोन्हींतली एकही पडली नाही, तर देव बोलला नाही असं समजून पुढच्या अमावास्येची वाट बघायची. कौलाशिवाय गेलेल्या माणसाचं भलं होत नाही, असं सगळे मानत. ठकूबाईही मानत असे. म्हणून ती गाठोडी बांधायची थांबली.

चैत्रातल्या अमावास्येला सोमाजी पहाटेच उठला. उजवी पडली तर आजच निघावं लागेल. डावी पडली तर चिमीचे पाय आपल्या डोळ्यांदेखत वाकतील. कुठलीही पडली तरी आपण मेलो, असं त्याला वाटलं. ओसरीवर कालच्या खळीचं मडकं होतं. घोंगडी ताठ व्हावी म्हणून सणगर चिंचोके भाजून, भिजवून, वाटून त्यांची खळ शिजवतात. ती एकदा वाळली की दगडालाही सोडत नाही. सोमाजीनं इकडेतिकडे बघितलं, मडक्यात बोट घातलं आणि दोन्ही पाकळ्यांच्या पाठीला खळ फासली.

देवळात त्यानं पाकळ्या लावल्या आणि हात जोडून बसला. सावली पायरीवर आली. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. हरबा गुरवानं, म्हणजे देवळाच्या पुजाऱ्यानं, देव बोलला नाही असं जाहीर केलं. घरी परतताना सोमाजीला ताप उतरल्यासारखं हलकं वाटलं. आपण फसवलं हे त्याच्या मनातही आलं नाही. एक महिना मिळाला, एवढंच मनात आलं.

वैशाखात त्यानं तेच केलं. ज्येष्ठातही केलं. दर अमावास्येनंतर आठ दिवस बरे जात आणि मग भीती परत येई. एव्हाना पाऊस लागला होता, घाट निसरडा झाला होता. आता तर जायची भीती दुप्पट झाली. ठकूबाई देवाला नवस बोलत होती की बाबा, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण काहीतरी बोल. ते ऐकताना सोमाजी मान वर करत नसे.

आषाढातल्या अमावास्येलाही देव बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस थोडा उघडला तसा हरबा गुरव सोमाजीच्या घरी आला. म्हातारा स्वतः त्याच पाण्यावर वाढलेला, काठी टेकत, झुलत झुलत चाले. ओसरीवर बसला, ठकूबाईनं दिलेलं पाणी प्याला आणि त्यानं कनवटीतून वाळलेल्या दोन पाकळ्या काढल्या. त्यांना तपकिरी पापुद्रा चिकटलेला होता. आधीच्या खेपांना लक्षात आलं नाही, पण या खेपेला देवाला आंघोळ घालताना पाकळ्या निघेनात, नखानं खरवडाव्या लागल्या, एवढं त्यानं सांगितलं. मग तो सोमाजीकडे वळला.

“तीस वर्सं कौल लावून घेतोय मी, सोमाजी. देव व्हय म्हनालेला बघितलाय, न्हाई म्हनालेलाबी बघितलाय. त्येचं तोंड बांधलेलं पयल्यांदाच बघतोय.”

ठकूबाई त्या पाकळ्यांकडे बघत होती. तिनं एक उचलली, बोटानं चाचपली आणि खाली ठेवली. सणगराच्या घरातल्या बाईला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. आता ती रडेल, आकांत करेल, असं सोमाजीला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

“आवं,” ती हळू आवाजात म्हणाली, “चिमी आठ दिस झालं उंबरा वलांडताना हात टेकती. तुमाला बोलले न्हाई. म्हटलं, देव काय ते सांगंल, त्येच्या आत तुमी घाबरून जाल.”

सोमाजी जागचा उठला. चिमी परसात चिखलाची भांडी करत होती. त्यानं तिला हाक मारली. ती आली, पण पळत आली नाही. पायरीशी थांबली, एक हात दगडावर टेकला आणि मग वर चढली. सोमाजीनं तिला भिंतीशी उभं केलं. टाचा जुळत होत्या, पण गुडघ्यांच्या मधून त्याची तीन बोटं आरपार गेली. होळीच्या वेळी हे पाय सरळ होते. तो तिथंच खाली बसला आणि हमसून हमसून रडला. इतके दिवस तो नसत्या गोष्टींना घाबरला होता, आणि खरी घाबरायची गोष्ट त्याच्याच अंगणात रोज खेळत होती.

म्हाताऱ्यानं त्याला रडू दिलं. मग विचारलं की आता पुढच्या अमावास्येला येणार का. सोमाजीनं मान हलवून नाही म्हटलं. हरबा काठी घेऊन उठला आणि जाताना म्हणाला की शिवेपर्यंत मी सोबत येतो, गावानं विचारलं तर मला विचारू दे.

तिसऱ्या दिवशी ते निघाले. सोमाजीची भीती गेली नव्हती. घाटात पाय घसरला की तो देवाचं नाव घेई, ओढ्याचा आवाज ऐकून त्याला धडकी भरे. पण गोदाला पाठीवर बांधून, चिमीचा हात धरून तो एकेक पाऊल टाकत राहिला. तीन दिवसांचा घाट त्यांना पावसात सहा दिवस लागला. वाटेतल्या धनगरांकडून कळल्यामुळे रायाजी भिजत पलीकडच्या नाक्यावर उभा होता.

पलीकडचं पाणी खरंच चांगलं निघालं. बोली वर्षभरात जमली. घोंगड्या खपू लागल्या. तिकडच्या ज्या ज्या गोष्टीला सोमाजी घाबरला होता, त्यांतली एकही घडली नाही. तिथल्या वैद्यानं दोन्ही मुलींचे पाय बघितले आणि सांगितलं की पाणी सोडलंत, आता पाय याहून वाकणार नाहीत. पण वाकले ते वाकले. सोमाजीनं धाकटीबद्दल पुन्हा विचारलं. वैद्य म्हणाला की हिचं दुखणं ताजं आहे, चार महिने आधी आणली असती तर हिला काहीच झालं नसतं.

चिमी आठ वर्षांची झाली. थोडी झुलत चाले, थोडी मागे पडे, पण खेळायची सोडत नसे. शेजारच्या मुलींशी बोलताना गावच्या देवाचा विषय निघाला असावा. ती मागापाशी येऊन उभी राहिली.

“बा, आपण निघालो तवा भैरोबानं जा म्हटलं व्हतं का?”

सोमाजीचा हात थांबला. हो म्हणणं सोपं होतं, आणि पोरीला ते खरं वाटलं असतं. जुनी भीती पुन्हा आली. पण या वेळी तो त्या भीतीमागे लपला नाही.

“मी त्येला बोलूच दिलं न्हाई, बाळ,” तो म्हणाला. “मला भ्या वाटत व्हतं.”

चिमीला ते कळलं की नाही कोण जाणे. बाकीच्या मुली नदीकडे पळत निघाल्या होत्या. ती त्यांना हाका मारत मागून चालू लागली.

तात्पर्य: भीतीपोटी निर्णय टाळणारा माणूस आपल्याला वेळ मिळाला असं समजतो, पण तो थांबला म्हणून संकट थांबत नाही, आणि त्या उशिराची शिक्षा त्याच्याआधी त्याच्या लेकरांना भोगावी लागते.