तळं कुणाच्या रांगेत?

माणसाला जनावरांची भाषा कळत होती, तेव्हाची गोष्ट. एका वडाखाली तीन वैद्य बसत. माणसांना नागोजी तपासे, जनावरांना मुंगूस आणि झाडांना सुतारपक्षी. दुसऱ्याच्या रांगेत कुणी नाक खुपसत नसे.

त्या वर्षी घरांत नि गोठ्यांत जुलाब सुरू झाले, झाडंही पिवळी पडली. तिघांनी आपापली मुळी उगाळली आणि बजावलं, “तळ्याच्या पाण्यातून द्या.” दुखणं वाढतच गेलं.

तळ्यातल्या म्हाताऱ्या कासवाला राहवेना. अर्धा दिवस चालून ते वडाखाली पोचलं.

मुंगसानं विचारलं, “काय होतंय, आजोबा?”

“मला काही नाही,” कासव म्हणालं. “तळं नासलंय. त्याला कुणाच्या रांगेत बसवू?”

नागोजीनं रोग्याच्या ओठांपाशी नेलेली वाटी हळूच मागे घेतली.