एकुलता एक मोजा

ज्या काळी लोकरीला स्वतःची मतं असायची आणि ती ऐकून घ्यायला लोकांना वेळही असायचा, त्या काळची ही गोष्ट. द्वारकाकाकू सगळं कुटुंब घेऊन बदरीनाथाला निघाल्या होत्या आणि तात्यांचे पाय गारठू नयेत म्हणून बसमध्येच मोजे विणत होत्या. पहिला मोजा पुरा झाला, तेव्हा अख्ख्या बसने तो हातोहात फिरवून वाखाणला. मोजा इतका फुगला, की पाय न घालताच भरलेला दिसू लागला.

काकूंनी दुसऱ्या मोज्याचे टाके घालायच्या आत तो लोकरीच्या गुंड्याला म्हणाला, "माझ्यासारखा आणखी एक झाला, तर मला विचारणार कोण? तू आपला पळ."

गुंडा भलताच आज्ञाधारक. बस चहाला थांबताच दारातून उतरला तो थेट दरीत.

"आता बदरीनाथाला एकच पाय नेऊ का?" तात्यांनी विचारलं.

"दोन्ही न्या. तोंड तेवढं इथे ठेवा," काकू म्हणाल्या.

घरी आल्यावर काकूंनी गोधडी शिवायला घेतली आणि तो बिनजोडीचा मोजा कापून आतल्या थरात पसरला. तिथे तात्यांचं विरलेलं धोतर, सुनेचा परकर आणि एका बाहीचा सदरा दाटीवाटीने पडले होते.

"जरा लांब राहा. मी एकुलता एक आहे," मोज्याने बजावलं.

"आम्ही तरी कुठे जोडीने आलोय, बाळा?" परकर म्हणाला. "सरक तिकडे, टाका येतोय."