लव्हाजीने विमानतळ निवडला

कुसळवाडी नावाच्या गावात एक भोळा गिरणीवाला होता. त्याचं नाव लव्हाजी. गहू आणले तर गव्हाचं पीठ द्यायचा, ज्वारी आणली तर ज्वारीचं. या कामात त्याची कधी चूक झाली नाही. गिरणीच्या बाहेर पडला की मात्र कठीण होतं. जे सांगाल ते तो तसंच्या तसं करायचा, आणि एकदा शिकलेलं कधी विसरायचा नाही. शिकलेलं कुठं वापरायचं, एवढंच त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

त्याच्या बायकोचं नाव कौतिका. तिला बर्फ पाहायचा होता. फ्रीजमधला नव्हे, डोंगरावरचा. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि अठरा वर्षांत गिरणी एक दिवस बंद राहिली नव्हती. यंदा मात्र तिने ठरवलं. आठ दिवस गिरणीला कुलूप घालायचं, सासूबाईंना बरोबर घ्यायचं आणि विमानाने काश्मीरला जायचं. तिने तिघांसाठी स्वेटरही विणून ठेवले. मे महिन्यात अंगणात बसून विणले, घामाघूम होऊन.

प्रश्न एकच होता. विमान धरायचं कुठून? गावापासून तासाभरावर एक छोटा विमानतळ होता. दुसरा मोठा, पार शहरात, सहा तासांवर.

कौतिका म्हणाली, "आवं, दोन्ही बघून या. पोरीसाठी स्थळ बघतो तसं बघा. घाई नको. माणसं बघा, घर बघा, चार प्रश्न विचारा."

"बघतो," लव्हाजी म्हणाला. त्याने फेटा बांधला, नारळ घेतला आणि छोट्या विमानतळावर गेला.

तिथले साहेब सज्जन होते. समोर नारळ आला म्हणून त्यांनी खुर्ची दिली.

"घरात माणसं किती?" लव्हाजीने विचारलं.

"कामाला अकरा आहोत."

"जमीन?"

"तीनशे एकर."

लव्हाजी खूश झाला. "पेरता काय?"

"काही नाही."

"काहीच न्हाई? तीनशे एकर पडीक?"

"मधोमध धावपट्टी आहे. डांबराची."

लव्हाजीने कपाळाला हात लावला. "बरं, विमानं किती?"

"एकच. दुपारी येतं आणि अर्ध्या तासात जातं."

"रातच्याला घरी राहत न्हाई?"

"नाही."

लव्हाजी तासभर पोह्यांची वाट पाहत बसला. पोहे आले नाहीत. मग उठला, नारळ परत उचलला आणि घरी आला.

"कौतिके, स्थळ काय खरं न्हाई," तो म्हणाला. "जमीन रग्गड, पण कसत न्हाईत. एकुलतं एक विमान, ते बी घरी टिकत न्हाई. आन् पाहुण्याला साधे पोहे सुदिक न्हाईत."

कौतिका हसता हसता खाली बसली. "आवं, विमानतळाला जमीनजुमला विचारत्यात व्हय? तिथं एवढंच विचारायचं. जातं कुठं, थेट जातं का मधी बदलावं लागतं, सुटतं किती वाजता, वेळेवर सुटतं का, रांग किती आन् सामान किती किलो चालतं, हातातलं सात किलो तरी नेऊ देत्यात का. बास. बाकी तोंडातून अक्षर काढायचं न्हाई."

"आता ध्यानात ठेवतो," लव्हाजी म्हणाला. आणि ठेवलं.

दोनच दिवसांनी त्याच्या थोरल्या भावाकडे, बाजीदादाकडे, पाहुणे आले. बाजीदादाची मुलगी विमल, तिला पाहायला. मुलगा चांगला होता, त्याचे वडील मानी होते. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील म्हणाले, "मुलीच्या काकांना काही विचारायचं असेल तर विचारा. संकोच नको."

लव्हाजी सरसावून बसला. मुलाला म्हणाला, "तुम्ही जाता कुठं?"

"पुण्याला. कंपनीत आहे."

"थेट, का मधी बदलावं लागतं?"

मुलगा चाचरला. "आधी दोन कंपन्या बदलल्या. आता स्थिर आहे."

"सुटता किती वाजता?"

"सहाला."

"वेळेवर? का उशीर होतो?"

"कधी कधी होतो."

बाजीदादाला कौतुक वाटलं. आपला भाऊ एवढे मुद्द्याचे प्रश्न विचारील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात लव्हाजी मुलाच्या वडिलांकडे वळला.

"ह्यांच्यासाठी रांग किती हाय?"

"रांग?" वडिलांच्या भुवया चढल्या.

"आन् सामान किती किलो चालतं?"

माजघरातल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. वडील म्हणाले, "आम्हाला काही नको. मुलगी आणि नारळ."

"असं कसं? हातातलं सात किलो तरी?"

वडील ताडकन उठले. "आमचा मुलगा काय वजनावर घ्यायला निघालात?" असं म्हणून ते चपला शोधू लागले. बाजीदादाने त्यांना हात जोडून, पाया पडून, पुन्हा चहा पाजून कसंबसं बसवलं. लग्न ठरलं, पण लव्हाजीला परसात नेऊन त्याने चांगलं फैलावर घेतलं.

"लव्हाजी, परक्या माणसापुढं तोंड उघडायचं न्हाई! मान खाली घालायची. कुणी काय बी विचारलं तरी एकच सांगायचं, मोठ्यांना विचारा."

"चुकलं दादा," लव्हाजी म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

मग तो मोठा विमानतळ पाहायला शहरात गेला. सहा तास एसटीत बसून गेला. दारावर बंदूकवाला शिपाई होता.

"कुठं जायचंय?" शिपायाने विचारलं.

लव्हाजीने मान खाली घातली. "मोठ्यांना विचारा."

"तिकीट?"

"मोठ्यांना विचारा."

"अहो, नाव काय तुमचं?"

"मोठ्यांना विचारा."

शिपायाने त्याला बाजूला घेतलं. मग दुसरा आला. मग एक साहेब आले. तिघांनी मिळून त्याला पंख्याखाली बसवलं आणि तीन तास विचारलं. लव्हाजीने मान वर केली नाही. शेवटी साहेब म्हणाले, "तुमच्यातलं मोठं कोण?"

"आई," लव्हाजी म्हणाला.

साहेबांनी त्याच्याच फोनवरून आईला फोन लावला. म्हातारी म्हणाली, "सोडा वो त्याला. बारशाच्या दिवसापासनं असाच हाय."

साहेबांनी सुस्कारा टाकला. "हे पाहा लव्हाजी, तपासणीच्या जागी काही लपवायचं नसतं. जे असेल ते खरं सांगायचं. खिशातलं सगळं, कमरेचा पट्टासुद्धा, समोरच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि दोन्ही हात वर करून उभं राहायचं. कळलं?"

"आता ध्यानात ठेवतो," लव्हाजी म्हणाला. साहेबांना दया आली. त्यांनी काचेतून त्याला आत काय काय आहे ते दाखवलं आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं.

घरी आल्यावर कौतिकेने विचारलं, "कसा हाय?"

"लई मोठा. आत माणसं चालत्यात, चालत्यात, आन् तरी पोचत न्हाईत. एका टोकाला न्याहारी केली तर दुसऱ्या टोकाला परत भूक लागंल. तिथनं विमान मातुर थेट काश्मीरला जातं. बदलायची भानगड न्हाई."

कौतिका विचारात पडली. सासूबाईंचे गुडघे गेलेले. सहा तास एसटी आणि वर ही पायपीट त्यांना झेपणार नव्हती. छोट्या विमानतळाहून गेलं तर वाटेत एकदा विमान बदलावं लागणार होतं, पण घरापासून तासाभराचा रस्ता आणि दारातून विमान समोर दिसतं.

"छोटाच बरा," ती म्हणाली. आणि खरंच, शहाण्या माणसाने हेच केलं असतं. तिने तिकिटं काढली. बर्फ आता आठवड्यावर आला होता.

निघायच्या आदल्या संध्याकाळी तिघं गावच्या देवळात गेले. आरती झाली. गुरवआप्पा तबक घेऊन एकेकासमोर येऊ लागले. तबक लव्हाजीसमोर आलं. त्याने ते नीट पाहिलं. मग त्यात मोबाइल ठेवला. गिरणीच्या किल्ल्या ठेवल्या. कंगवा, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी ठेवली. सगळ्यात शेवटी कमरेचा पट्टा काढून वर गुंडाळून ठेवला. निरांजन विझलं. लव्हाजी दोन्ही हात वर करून, पाय फाकवून उभा राहिला.

"हे काय रे मेल्या?" गुरवआप्पा ओरडले.

"काय बी लपवत न्हाई आप्पा," लव्हाजी डोळे मिटून म्हणाला. "परवा एकादशीला मी चार भजी खाल्ली. तपासा."

सगळं देऊळ खदखदून हसलं. कौतिकेने पदर तोंडावर घेतला. आप्पांनी पट्टा दोन बोटांत धरून बाहेर फेकला. "अरे बाबा, असल्या ठिकाणी हात जोडायचे, दोन पावलं मागं सरायचं आन् मागच्याला पुढं जाऊ द्यायचं. एवढी रीत पाळ, म्हणजे कुणाच्या शिव्या खाणार न्हाईस."

"आता ध्यानात ठेवतो," लव्हाजी म्हणाला.

सकाळी तिघं एसटी स्टँडवर उभे राहिले. तिघांच्या अंगात स्वेटर होते, कारण कौतिकेने पिशवीत जागा ठेवली नव्हती. गाडी लागली. लव्हाजीने हात जोडले, आई आणि कौतिकेला धरून दोन पावलं मागे सरला आणि मागच्याला म्हणाला, "या." मागचा पुढे गेला. त्याच्या मागे आणखी एक होता. लव्हाजी पुन्हा दोन पावलं सरला. "या, या." असे पंचेचाळीस लोक पुढे गेले आणि तिघं सरता सरता मुतारीच्या भिंतीला टेकले. गाडी भरून निघून गेली. जाताना प्रत्येकाने लव्हाजीला नमस्कार केला.

दुसरी गाडी आधीच भरून आली. तिच्यात तिघं तासभर उभ्याने गेले. म्हातारीचे गुडघे लटपटत होते. प्रत्येक खड्ड्याला ती "अगं आई" म्हणत होती.

आता कौतिकेचा संयम सुटला. "काय माणूस हाय का कोण? गाडीला का असं मागं सरत्यात? गाडी दिसली की धावत सुटायचं, सगळ्यांच्या आधी गाठायची आन् खिडकीतनं फेटा आत टाकून जागा धरायची! फेटा टाकला की ती जागा आपली. मग राजा आला तरी बसत न्हाई."

लव्हाजीला वाईट वाटलं. आईचे पाय त्यालाही दिसत होते. तो म्हणाला, "कौतिके, आता पुन्हा आईला उभं राहू देणार न्हाई. शपथ."

विमानतळावर ते वेळेत पोहोचले. तपासणी झाली. लव्हाजीने एकही चूक केली नाही. खिसे रिकामे केले, हात वर केले, विचारलं तेवढंच सांगितलं. मागे खुर्ची देणाऱ्या साहेबांनी त्याला ओळखलं आणि हसून म्हणाले, "काय, शेवटी आमचंच स्थळ पसंत पडलं तर." कौतिकेच्या छातीवरचा धोंडा उतरला. काचेपलीकडे विमान उभं होतं, पंखांखाली दोन मोठे पंखे असलेलं. तिथे बस नव्हती, बोगदा नव्हता. दार उघडायचं आणि पन्नास पावलं चालत जाऊन शिडी चढायची. संध्याकाळी ती बर्फात उभी असणार होती. तिने सासूबाईंचा हात धरला आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने म्हणाली, "मला लई आनंद झालाय."

दार उघडलं. साठ माणसं रांगेने निघाली.

लव्हाजीने गाडी पाहिली. तो धावत सुटला. डोक्यावरचा फेटा सोडत, रांग ओलांडत, वाऱ्यासारखा. त्या विमानतळावर आजवर कुणी धावलंच नव्हतं, त्यामुळे शिपायाला आधी वाटलं, याला घाईची लागली असेल. लव्हाजी विमानापाशी पोहोचला. खिडकी उंच होती, तरी त्याने दोनदा फेटा फेकला. फेटा काचेला लागून खाली आला. खिडकी उघडेना. मग त्याला हाताशी पंखा दिसला. त्याने चांगला वीस हात फेटा पंख्याच्या पात्यांतून आतबाहेर ओवला, गुंडाळला, आणि पिठाच्या पोत्याला मारतात तशी पक्की गाठ मारली. मग दुसरी मारली. आईसाठी.

शिट्ट्या वाजल्या. शिपाई धावले. फेटा कात्रीने कापावा लागला.

कौतिका साहेबांच्या हातापाया पडली. "फेटा तर निघाला की वो. आता जाऊ द्या विमान."

"जाता येत नाही बाई," साहेब म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. "पंख्यात असं काही अडकलं की मोठ्या विमानतळावरून इंजिनिअर येऊन तपासल्याशिवाय विमान हलवता येत नाही. आजचं उड्डाण रद्द. तुमचं काश्मीरचं विमानही आता चुकलं." मग ते लव्हाजीकडे पाहून कळवळून म्हणाले, "अहो, मोठ्या विमानतळावर प्रवासी बोगद्यातून थेट आत जातो. विमान त्याच्या हाताला लागतच नाही. तुम्ही तिकडून का नाही गेलात?"

कौतिका काचेजवळच्या बाकावर बसली आणि स्वेटरच्या बाहीने डोळे पुसू लागली. तिचं रडू खरं होतं. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. बाहेर बाकीचे सगळे प्रवासी लव्हाजीच्या नावाने बोटं मोडत परत येत होते. विमान रिकामं उभं होतं.

लव्हाजी बोडक्या डोक्याने तिच्या शेजारी येऊन बसला. बायको का रडते हे त्याला कळेना. त्याने काचेतून एकवार विमानाकडे पाहिलं, हळूच तिला कोपराने ढोसलं आणि म्हणाला,

"रडतीस कशाला, येडे? बघ की, अख्खं विमान मोकळं झालंय. आता तुला पाहिजे ती खिडकी घे."