अडाणी आईचा मुलगा

गोदा तापाने गेली. जाताना तिने मुलाचा हात धाकट्या भावाच्या, हैबतीच्या हातात दिला. "याला शिकव रे," एवढंच ती बोलली. तेरावं उरकताच हैबती भाच्याला घेऊन संस्थानच्या पाठशाळेत गेला. नेमके त्या दिवशी महाराजही पाठशाळा पाहायला आले होते.

राजगुरूंनी पोराला न्याहाळलं. "याची आई काय शिकली होती?"

"काही नाही जी. टोपल्या विणायची."

"आणि तू?"

"मी तिच्याहून अडाणी."

राजगुरू हसले. "महाराज, बुद्धी रक्तातून येते. अडाणी आईच्या पोराला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!"

मेलेल्या बहिणीला कोणी हसावं, हे हैबतीला सोसवलं नाही. "गुरुजी, बुद्धी रक्तातूनच येते, तर पाठांतराला बसवताना तुमच्या नातवाची शेंडी खुंटीला का बांधता? टोपल्या द्यायला येतो तेव्हा पाहतो मी!"

पहिल्या रांगेत बसलेल्या नातवाचा हात आपसूक डोक्याकडे गेला. महाराजांना हसू आवरेना.

"ज्याच्या रक्तातच विद्या आहे, त्याला घरी खुशाल झोपू द्या," हैबती म्हणाला, "आणि त्याची खुंटी माझ्या भाच्याला द्या."

"पोराला बसवून घ्या," महाराजांनी हुकूम दिला.

हैबती जो धावत सुटला, तो थेट बहिणीच्या दारात थांबला. "अक्का, घेतलं गं त्याला!" तो ओरडला.

आणि मग त्याला दिसली, सकाळी त्यानेच बाहेरून लावलेली कडी.